तीन कामांची इस्त्री आणि फैजपूरचा पाहुणचार

जुन्या इस्त्र्या जमवणाऱ्या माणसाबद्दल लोकांचं जे मत असतं, ते मला मान्य आहे. माझं एक अख्खं कपाट इस्त्र्यांनी भरलेलं आहे आणि माझे शर्ट मात्र कोपऱ्यावरचा परीट इस्त्री करून देतो. जानेवारीत मी आणखी एक इस्त्री आणायला फैजपूरला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "इस्त्र्या कपाटात आणि कपडे खुर्चीवर, इथवर आपण आलोच आहोत. आता एवढंच सांगा, ही आल्यावर आपण दोघांनी कुठे राहायचं?"

ही वेगळी आहे, मी म्हणालो. असं मी दर वेळी म्हणतो, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

नाशिकच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. माझे सहकारी चौधरी यांच्या बहिणीच्या लग्नाला गेल्या उन्हाळ्यात फैजपूरला गेलो होतो. उतरायची सोय त्यांच्या मामांकडे, म्हणजे नानांकडे होती. त्यांच्या ओसरीवरचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली एक पितळी, कोळशाची, काळी पडलेली इस्त्री लावलेली होती. मी ती उचलली आणि लग्न विसरलो. तिचं झाकण एका खिळीवर फिरायचं. उलटं केलं की वर तीन शिंगं यायची आणि त्यावर चहाचं पातेलं बसायचं. मागे बोट जाईल एवढं नळकांडं होतं, त्यात मडमेचा केस कुरळे करायचा चिमटा तापायचा. नानांचे वडील भुसावळला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. साहेब दौऱ्यावर निघाला की त्याची पँट, त्याचा चहा आणि त्याच्या बायकोचे केस, तिन्हींची सोय या एका वस्तूत व्हायची. अशी इस्त्री मी तोवर फक्त चित्रात पाहिली होती.

लग्नघरात मागायची लाज वाटली. घरी येऊन पत्र टाकलं. नानांचं कार्ड आलं, "तुमचीच समजा. संक्रांतीनंतर या." फेब्रुवारीत नाशिकला एका शाळेच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. कार्ड हातात पडलं त्याच दिवशी मी आयोजकांना जाऊन सांगितलं की माझ्या टेबलावर तीन कामांची इस्त्री असेल. त्यांनी पाटीही रंगवायला दिली.

सकाळच्या बसनं निघालात तर चांदवडचा घाट ऊन चढायच्या आत मागे पडतो. मालेगावला चहा बरा मिळतो, पण तो घ्यायला खाली उतरल्यावर आपली जागा राखायला कोणीतरी हवं. धुळ्यात मुक्काम करायचं खरं तर कारण नाही. मी केला, कारण तिथल्या एका गल्लीत जुन्या पितळेचा एक दुकानदार आहे, आणि संग्राहक म्हणवणारी नाशिकची सगळी मंडळी त्याच्याकडून येताना काखोटीला काहीतरी मारून येतात. लॉजमधली चादर धुतलेली होती, एवढं तिच्याबद्दल बोलता येईल.

दुकानदार गोरापान, तोंडात सुपारी. त्यानं माझ्यापुढे एक इस्त्री ठेवली.

"हाई बठ्ठासमा जुनी शे, भाऊ. शंभर वर्षांनी." दुकानातली सगळ्यांत जुनी, शंभर वर्षांची, असं तो अहिराणीत सांगत होता.

मी ती नाकाशी नेली. नव्या साच्यातली पितळी इस्त्री चिंचमिठात बुडवून उकिरड्यात पुरायची आणि मग धुरावर धरायची, ही या धंद्याची रीत आहे. तिचा वास महिनोन्‌महिने जात नाही. कोणाला असली खरेदी करायची असेल तर डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास ठेवा. शिवाय मूठ बघा.

"शंभर वर्षांत या मुठीवर एकदाही हात फिरला नाही?" मी विचारलं.

"मोठा घरनी व्हती," तो शांतपणे म्हणाला. "वापरतच नव्हते."

हे उत्तर इतकं तयार होतं की त्याबद्दल त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. आमच्या संग्राहकांपैकी निम्म्यांची कपाटं या उकिरड्यातून भरलेली आहेत, आणि ते मला जुन्या वस्तूंवर काळानं चढणारी कळा म्हणजे काय ते समजावून सांगतात. मी तुच्छतेनं बाहेर पडलो आणि रात्री लॉजवर ती तुच्छता डायरीत व्यवस्थित उतरवून काढली.

दुसऱ्या दिवशी पारोळा, एरंडोल करत जळगाव. वाटेत दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, नुसत्या काड्या उभ्या. जळगावला स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा. सांगून उपयोग होत नाही, पण आपण सांगितलं होतं याचं समाधान राहतं. तिथून भुसावळ, पुढे तापी ओलांडली की उजवी-डावी सगळी केळीच केळी. बसमध्ये थंड वारा येतो आणि माणूस विनाकारण चांगल्या मनःस्थितीत जातो. मीही गेलो. दुपारी फैजपूरला उतरलो तेव्हा मी मनातल्या मनात प्रदर्शनातलं टेबल लावत होतो.

नाना दारातच उभे होते. सत्तरीचे, टोपी, स्वच्छ धोतर. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणतात. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, नाशिकची थंडी विचारली. दाराखाली एक वीट लावलेली होती. ती पाहून मला बरं वाटलं, म्हणजे इस्त्री काढून ठेवली होती.

मग अक्का आतून ताट घेऊन आल्या. ताटावर नवा रुमाल. नानांनी तो स्वतः काढला.

ताटात एक इस्त्री होती. इतकी चकचकीत की तिच्यात ओसरीचं छप्पर दिसत होतं. बाजूंना हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. मूठ नवीन, सागाची, पॉलिश केलेली. एका अंगाला ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली होती, लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तशी. आधी माझं नाव, मग कॉलेजचं, मग "नानांकडून सप्रेम भेट".

मला वाटलं ही दुसरीच आहे. मी झाकण फिरवून पाहिलं. ते फिरलं नाही.

"नाना, हे झाकण फिरायचं ना?"

"तेच तं," नाना खुशीत म्हणाले. त्यांच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. "सारखं लटलट करे. भुसावयले नेलं, पक्कं करून घेतलं."

"आणि मागचं ते नळकांडं?"

"राख गयत होती त्यातून. बुजवून टाकलं."

"जुनी मूठ?"

"जयून गेली होती ती," अक्का म्हणाल्या. "चुलीत घातली. मी तं यांले म्हनलं, सर कॉलेजात शिकवता, त्यांच्या घरी मोठेमोठे लोकं येतीन. दाराची इस्त्री देल्ली म्हनतीन."

"दोन खेपा झाल्या भुसावयच्या," नाना म्हणाले. "पह्यल्या वेळी तांबटानं नाव घालाले जागा सोडली नव्हती. म्हनलं, नाव पाहिजे. नावाबिगर भेट कशी?"

आता दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी खोटं बोलायचं टाळतो. बोललोच तर रात्री डायरीत टिपतो. मी म्हणालो, "फारच छान झालीय."

"आवडली ना?"

"फारच."

नाना अक्कांकडे वळून म्हणाले, "पाह्य. तू म्हने, शिंगं कापून टाका. मी म्हनलं, राहू दे, शोभा आहे." झाकण फिरत नसलं तरी कोळसे घालायला उघडत होतं; तेव्हा मी ते थोडं उघडून आत पाहिलं. शिंगं आत होती, कोळशाकडे तोंड करून, कायमची.

माझ्या पत्रामुळेच हे झालं होतं. मी न सांगता येऊन दारातून ती उचलली असती तर ती शाबूत मिळाली असती. पण पत्र गेलं, पाहुणा येणार हे कळलं, आणि त्या घरात पाहुण्याला काळं भांडं देत नाहीत. हे मला कळत होतं. कळून राग कमी होत नव्हता.

जेवायला भरीत होतं. बामणोदची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, वर कच्ची कांद्याची पात, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. या पट्ट्यात हिवाळ्यात याल तर हे कुठल्याही हॉटेलात शोधू नका, कोणाच्या तरी घरी ओळख काढा. मी दोनदा वाढून घेतलं. संतापलेल्या माणसाला इतकी भूक लागावी, याचाही मला राग आला.

परतीच्या वाटेवर इस्त्री मांडीवर होती. भुसावळपासून धुळ्यापर्यंत मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो. शंभर वर्षं टिकलेली वस्तू या लोकांनी पंधरा दिवसांत संपवली. काडीची अक्कल नाही. जी गोष्ट हलते ती मोडलेली, जिथे भोक आहे तिथे गळती, जे काळं ते घाण. आणि त्यावर हळदकुंकू.

धुळ्याला पुढच्या बसला वेळ होता. माझे पाय त्या गल्लीकडे वळले. कशासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही.

दुकानदारानं रुमाल सोडला आणि मोठ्यानं हसला. "अरे देवा. कोणी वाट लाई हिनी?"

"फैजपूरला. ओळखीचे आहेत."

"मंग बरोबर. गावना लोके, भाऊ. सोनं दिधं तरी कल्हई करी लेतीन." त्यानं झाकण वाजवून पाहिलं, मागचं बुजवलेलं भोक चाचपलं. त्याला सगळं कळत होतं. "काळजी करू नका. झाकन मोकळं करसू, भोक उघडसू, जुनी मूठ मना जोडे शे." त्यानं खणातली एक काळपट मूठ काढून दाखवली. " आठ दिनमा हाई पहिलासारखी दिसी."

"पहिल्यासारखी?"

"त्याहून जुनी." त्यानं कानस उचलली. "पहिले हाई नाव घासनं पडी."

नानांच्या लोकांबद्दल तो जे बोलला, तेच मी भुसावळपासून मनातल्या मनात शुद्ध मराठीत बोलत आलो होतो. माझं वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला फार वाईट वाटलं. दोन दिवसांपूर्वी ज्याच्या मालाचा वास घेऊन मी नाक मुरडलं होतं, त्याच्याच फळीवर मी नानांची भेट ठेवली होती. प्रदर्शनाची पाटी रंगवून तयार होती, आणि हा माणूस मला ती पाटी खरी करून देऊ शकत होता.

कानस माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर टेकली.

"राहू द्या," मी म्हणालो.

"अहो, मंग हिले ठेईसन काय करशात? लोके हसतीन."

"हसू द्या." हे मी धीटपणे म्हटलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी ते पुटपुटलो आणि रुमालाची गाठ मारता मारता दोनदा चुकलो.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी लोक पाटी वाचून टेबलाशी आले. तीन कामं कुठे, असं त्यांनी विचारलं, आणि मी हकीकत सांगितली. लोक हसले. मग मी ती पुन्हा सांगितली, नानांच्या बोलीची नक्कल करून. आणखी हसले. नाशिकचे एक संग्राहक, ज्यांच्या कपाटाला उकिरड्याचा वास येतो, ते मित्रांना घेऊन परत आले आणि म्हणाले, "सर, ते भोक बुजवल्याचं सांगा ना यांना." संध्याकाळपर्यंत माझ्या गोष्टीतले नाना पार खुळे झाले होते, आणि अक्कांच्या तोंडी मी अशी दोन वाक्यं घातली होती जी त्या कधी बोलल्याच नव्हत्या.

रात्री हे सगळं डायरीत लिहिताना ती वाक्यं मला खोडावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी पाटी काढली आणि इस्त्री नावाची बाजू पुढे करून ठेवली.

दुपारी एक गृहस्थ आले. "कालची गमतीची इस्त्री हीच का?"

"ही भेट मिळालेली इस्त्री आहे."

त्यांनी वाकून अक्षरं वाचली. "हे नाना कोण?"

"फैजपूरचे. भुसावळला दोन खेपा घालून त्यांनी ही करून आणली."

"आणि करते काय ही?"

"कपड्यांना इस्त्री," मी म्हणालो.

ते थोडा वेळ थांबले, आणखी काही येईल म्हणून. मग शेजारच्या टेबलावरची पोस्टाची तिकिटं पाहायला गेले.