अक्कांच्या दारावरून जाणारी ट्रॉली

आमची ट्रॉली वेशीत शिरली की साऱ्या दुबलगुंडीला कळायचं. इंजिनाच्या आवाजानं न्हाई, ट्रॉली जोडायच्या हुकाच्या आवाजानं. वळणावर तो असा कर्रकर्र वरडायचा की लोक कानावर हात ठेवून हसायचे. मला हसू यायचं न्हाई. ते वळण नेमकं अक्कांच्या दारापुढं होतं.

अक्का आमच्या शेजारीण. आदल्या वर्षी येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, अख्खं गाव शेतात जेवायला निघालं, तेव्हा त्यांचे मालक आमच्याच ट्रॉलीत बसले होते. ट्रॉलीच्या कडेच्या फळीवर, फाळक्यावर टेकून, आंबिलीचं मडकं दोन्ही हातांनी धरून. ओढ्याच्या उतारावर ट्रॉली झोकांड्या खायला लागली. बाकीच्यांनी हाताला लागेल ते धरलं. त्यांनी मडकं सोडलं न्हाई. पूजेची आंबील वाटेत सांडू नये, असं आमच्याकडं लहानपणापासून मनावर बिंबवलेलं असतं. ते मडक्यासकट खाली गेले आणि चाक त्यांच्या अंगावरून गेलं.

ट्रॅक्टर आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, चालवत होते. हुकाची पिन झिजली होती, ट्रॉली डुलते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुगी झाली की बघू, म्हणत होतो. त्यांचे दिवस-कार्य झाल्यावर अण्णा मन्नाएखेळ्ळीच्या फिटरकडं गेले आणि ट्रॉलीच्या दांडीला दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या बसवून आणल्या. पट्ट्यांना आतून ब्रेकचं लायनर होतं. नट आवळला की पट्ट्या दांडीला घट्ट दाबून धरायच्या आणि ट्रॉलीला डुलूच द्यायच्या न्हाईत. माणूस गेल्यावर आम्हाला ही अक्कल सुचली. आणि तेव्हापासून हुक वरडायला लागला. दर खेपेला अक्का दारात येऊन उभ्या राहायच्या. मी मान खाली घालून ट्रॉलीत बसलेला असायचो, मेल्याहून मेल्यासारखा.

पुन्हा येळवस आली. शेजाऱ्याला शेतात जेवायला बोलवावंच लागतं, आणि अक्कांना न बोलवायचं तोंड कुणाला होतं? पण न्यायचं तर त्याच ट्रॉलीतून. निदान तो आवाज तरी बंद करावा म्हणून मी ग्रीसचा डबा घेऊन बसलो आणि आधी पट्ट्यांनाच बोट लावणार, तोच अण्णांनी माझं मनगट धरलं.

“काय करायलास?”

“आवाज बंद करायलोय.”

“पट्ट्यांला ग्रीस लावलास तर त्या धरतील कशाला? अजून एक पाडायचाय व्हय?”

ते तसं बोलले आणि स्वतःच खाली बसले. मग त्यांनी झिजलेली पिन काढून जाड पिन घातली. ग्रीस फक्त पिनीला आणि ती जिच्यात बसते त्या दांडीच्या कडीच्या आतल्या अंगाला लावलं. ते ओघळून पट्ट्यांवर जाऊ नये म्हणून मी जुन्या ट्यूबची चकती कापून मधे घातली. पट्ट्या खोलल्या, तर लायनर घासून काचेसारखं गुळगुळीत झालेलं. ते पॉलिश पेपरनं खरबरीत केलं, पेट्रोलनं पुसलं, सुकू दिलं आणि नट पुन्हा आवळला. रिकामी ट्रॉली वळवून बघितली. हुक गप्प. उतारावर नेली, तर ट्रॉली सुतात चालली. मला इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

येळवसेला अक्कांच्या दारात ट्रॉली उभी केली तरी त्या बाहेर आल्या न्हाईत. मी आत जाऊन हाक मारली. त्या आल्या, निमूट चढल्या, माझ्या शेजारी बसल्या. ओढ्याचा उतार आला तसे सगळ्यांनी फाळके घट्ट धरले. अण्णांचे खांदे मागून मला ताठ दिसत होते. ट्रॉली सरळ खाली उतरली.

पलीकडं चढल्यावर अक्का माझ्या कानाशी वाकल्या.

“हुकाचा आवाज कुटं गेला रे?”

“बंद केला, अक्का. तुमाला तरास नको म्हणून.”

“मला कामून तरास? त्यो आवाज आला की मला वाटायचं, पट्ट्या धरायल्यात, आता कुणी पडणार न्हाई. तेवढंच ऐकाया म्हणून दारात येत होते मी.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तरास तुमाला व्हायलता.”

मी नजर खाली वळवली. आमचं शेत येईपर्यंत मला ती वर उचलता आली न्हाई.