शून्य दाबण्याचा अधिकार

“बाहेरची लाइन म्हणजे काही पाणपोई नव्हे, वाटेल त्याने येऊन तोंड लावायला,” असं तो एकदा म्हणाला होता, आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन बराच वेळ चष्मा पुसत बसला होता.

वजनकाटे विकणाऱ्या आमच्या कंपनीचा तो मॅनेजर. नवी फोनयंत्रणा बसली तेव्हा कुठल्याही टेबलावरून शून्य दाबलं की बाहेरची लाइन मिळायची. महिन्याभरात त्याने मेकॅनिकला बोलावून सगळ्यांची शून्यं बंद करून घेतली, स्वतःचं तेवढं ठेवलं. बाहेर फोन करायचा तर त्याच्या दारात उभं राहून कारण सांगायचं. टायपिस्ट बाईंनी सासूचं आजारपण सांगितलं, तेव्हा सासू उठून बसते का, एवढं विचारून मग त्याने रिसीव्हर पुढे केला. त्याच्यामागे आम्ही त्याला शून्यसाहेब म्हणायचो. हे त्याच्या कानावर गेलं असणार, आणि नावात साहेब आहे म्हणून आवडलंही असणार.

वरच्यांना तो सांगे, खर्च वाचवतो. खरं काय ते शिपायालाही ठाऊक होतं. त्याच्या मुलीने त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि घर सोडलं. जाताना आईला म्हणाली, घरी फोन करणार नाही, वाटलंच कधी तर बाबांच्या ऑफिसात करीन. तेव्हापासून हा गृहस्थ लाइन मोकळी राखून बसला होता. एका हाकेसाठी अख्ख्या ऑफिसच्या तोंडाला कुलूप. दुसरा कुणी असता तर कीव आली असती. पण याने तो फोन कसा यावा हेसुद्धा ठरवून टाकलं होतं. ती रडत असेल, आधी माफी मागेल, मग हा थोडा वेळ गप्प राहील.

बाहेरून येणारे फोन आधी त्याच्याच टेबलावर वाजत. गिऱ्हाईक असलं तर तो जोडून देई, घरगुती असला तर पार्क करी. पार्क केलेला फोन तुटत नाही, पण कुणाला जोडलाही जात नाही. सगळ्यांच्या फोनवर तांबडा दिवा लुकलुकत राहतो, आणि ठरलेला आकडा दाबला की कुठल्याही टेबलावरून तो उचलता येतो. हा आकडा त्याने आम्हाला कधी सांगितला नाही. माणूस कंटाळून फोन ठेवीपर्यंत तो दिव्याकडे बघत बसे, चुलीपुढे मांजर बसावं तसा. मेकॅनिकने मात्र आकडा आमच्या कानात घालून ठेवला होता. दिवा लागला की जवळचा कुणीतरी टेबलाखाली वाकून फोन उचली आणि ज्याचा असेल त्याला खुणेने बोलावी.

त्या दुपारी फोन वाजला. केबिनचं दार उघडंच होतं. पलीकडून कुणाला तरी बाबांशी बोलायचं होतं. ऑफिसातले निम्मे तरी कुणाचे ना कुणाचे बाबा.

“कामाच्या वेळेत घरगुती बोलणं नाही,” असं म्हणून त्याने बटण दाबलं.

कॅशियरच्या मुलीचा त्या दिवशी निकाल होता. त्याने दिव्यावर झडपच घातली. वाकून हॅलो म्हणाला आणि मग सावकाश सरळ झाला. लपायचं विसरून तो उभ्यानेच बोलत होता, अगं, ठेवू नकोस, थांब जरा. पलीकडून फोन ठेवला गेला, तसा रिसीव्हर जागेवर ठेवून तो केबिनच्या दाराशी गेला.

“साहेब, तुमची मुलगी होती.”

“माझी? ती तर रडतही नव्हती, बाबा आहेत का म्हणाली नुसतं.”

“मग काय म्हणणार?”

साहेबाचा हात रिसीव्हरकडे गेला.

“आज परदेशी चाललेत दोघं, कायमचे,” कॅशियर म्हणाला. “निघायच्या आधी तुम्ही भेटायला याल का, एवढंच विचारायचं होतं तिला. तुमचा आवाज ओळखला तिने. म्हणाली, उत्तर मिळालं.”

“कुठून निघतायत?”

“विचारलं मी. म्हणाली, आता त्यांना काय करायचंय.”

साहेबाने रिसीव्हर उचलून शून्य दाबलं. लाइन मिळाली. लाइनचा एकसुरी आवाज बाहेर आम्हालाही ऐकू आला. त्याचं बोट बटणांवर फिरत राहिलं. कुठला नंबर लावायचा, ते त्याला ठाऊक नव्हतं. तिचा नंबर त्याने कधी विचारलाच नव्हता. विचारणं म्हणजे नमतं घेणं.

“लावा की साहेब,” टायपिस्ट बाई टाइप करता करता, मान वर न करता म्हणाल्या. “लाइन मोकळीच आहे.”

त्याने रिसीव्हर ठेवला, तोही नीट बसला नाही. उठला, खुर्चीवरचा कोट तिथेच राहिला. आमच्या टेबलांमधून वाट काढत, कुणाकडेही न बघता तो बाहेर निघून गेला.