आमच्या साडूंचं कस्टर्ड

जुन्नर तालुक्यात कस्टर्ड आणलं ते आमच्या साडूंनी. हे त्यांचं स्वतःचं मत आहे, आणि मी ते तपासून पाहिलं आहे. आमच्या नात्यात दोन्हीकडची मिळून एकतीस घरं आहेत. नव्वद सालाआधी त्यांतल्या एकाही घरात कस्टर्ड शिजलेलं नव्हतं. दोन हजार साल उजाडलं तेव्हा सत्तावीस घरांत शिजून झालं होतं. उरलेल्या चारांपैकी दोन घरांत मधुमेह होता आणि दोन घरांशी साडूंचं भांडण होतं. तेव्हा दाव्यात फारशी खोट नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. राहायला पिंपरी पेंढारला आणि नोकरीला नारायणगावाजवळ द्राक्षांच्या एका शीतगृहात, यंत्रांवर. उंच, काटकुळे, आणि थंडगार खोल्यांत सारखी ये-जा असल्यामुळे बाराही महिने अंगात स्वेटर. एप्रिलच्या उन्हात ते मोपेडवरून निघाले की ओळखीचे लोक थांबवून विचारत, "भाऊ, ताप हाय का अंगात?" एकदा त्यांना कॉम्प्रेसरच्या प्रशिक्षणासाठी पंधरा दिवस पुण्याला पाठवलं होतं. शेवटच्या दिवशी तिथल्या जेवणात पिवळं, थंड, चमच्यानं हलवलं की थरथरणारं काहीतरी आलं आणि त्यावर कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स. परत आल्यावर मी विचारलं, कॉम्प्रेसरचं काय शिकलात? म्हणाले, "ते समदं पुस्तकात हाय, पावणं. हे बघा," आणि खिशातून चिठ्ठी काढली. आचाऱ्याकडून लिहून आणलेलं प्रमाण होतं: एक लिटर दूध, चार चमचे कस्टर्ड पावडर, आठ चमचे साखर. चमचा कोणता, हे लिहून घ्यायचं मात्र राहिलं होतं. ते कोडं मला सोडवावं लागलं. आमच्या घरातल्या सहा प्रकारच्या चमच्यांनी करून पाहिल्यावर श्रीखंड वाढायचा चमचा बरोबर ठरला.

करून पाहिलं ते आमच्याच घरी, वारूळवाडीत. साडू कस्टर्ड स्वतःच्या घरी करत नसत. वीसेक किलोमीटर मोपेड हाकत आमच्याकडे येऊन करत. आमच्याकडे फ्रिज आहे म्हणून, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. आले की बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर काढत, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारत आणि दूध एकाच दिशेनं ढवळायला लागत. मध्येच कुणी हाक मारली तर मान वळवत, पण हात थांबवत नसत. पहिल्या खेपेला कॉर्नफ्लेक्स म्हणून त्यांनी किराणा दुकानातून जे आणलं, ते चिवड्यासाठी तळायचे मक्याचे पोहे होते. ते त्यांनी न तळता कस्टर्डावर पसरले. पहिला घास मी घेतला आणि माझी डावीकडची दाढ हलली. साडू शांतपणे म्हणाले, "चावू नका, पावणं. जरा भिजू द्या." आम्ही पाऊण तास थांबलो. कस्टर्डाला पाणी सुटलं, पोहे होते तसेच राहिले. "हे बी मक्याचंच, ते बी मक्याचंच," असं साडू म्हणत राहिले, आणि शेवटी कबूल केलं, "तळायचं र्‍हायलं वाटतं."

खरे कॉर्नफ्लेक्स मिळायला लागल्यावर साडूंनी चार मिनिटांचा नियम काढला. कॉर्नफ्लेक्स पडल्यापासून चार मिनिटांत वाटी संपली पाहिजे, नाहीतर ते मऊ पडतात. ओतूरला मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी हट्टानं पंगतीत कस्टर्ड ठेवलं आणि स्वतः सुपात कॉर्नफ्लेक्स घेऊन पुढं निघाले. चिमूटभर टाकायचे आणि घड्याळ दाखवायचे. "बोलत बसू नका, राव! खा आधी!" तिसऱ्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यांनी ते वरण-भातात कालवले. एकानं वर लिंबू पिळलं आणि विचारलं, "वाढपी, कांदा न्हाई का यावर घालाया?" त्या पंगतीत एकशे चाळीस पानं होती. वेळेत संपवलेल्या वाट्या मी मोजल्या; अकरा भरल्या. साडूंना अकरा पुष्कळ वाटल्या.

एकदा आमचा फ्रिज बिघडला तेव्हा त्यांनी स्टीलचा मोठा डबा आपल्या शीतगृहात द्राक्षांच्या पेट्यांमागं ठेवला. सकाळी पाहतात तर पेट्यांबरोबर डबाही गाडीत चढून मुंबईच्या बंदराकडे गेलेला. दुसरा कुणी असता तर डब्यासाठी हळहळला असता. हे पुढं वर्षभर सगळ्यांना सांगत होते, "आपलं कस्टर्ड बोटीनं परदेशी गेलं."

आता मी हिशोबी माणूस आहे, म्हणजे मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. एका दिवाळीत बायकोबरोबर बसून मी आठवून आठवून काढलं की साडू आमच्याकडे एकूण तेवीस वेळा कस्टर्ड करायला आले. त्यांतल्या एकवीस वेळा आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही दोघंही जावई मामी म्हणतो, ओतूरहून आमच्याकडे राहायला आलेल्या होत्या. उरलेल्या दोन वेळा त्या येणार होत्या आणि आल्या नव्हत्या.  हे ऐकून बायको म्हणाली, "तुमाला आत्ता कळलं व्हय?"

आमच्या मामींच्या माहेरी रीत होती: लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. मामी ती काटेकोर पाळत. माझ्याकडे दोन मुलं, त्यामुळं माझ्याकडे त्या जेवत, भांडत, महिना महिना राहत. आक्कांना मूल झालं नाही. त्यामुळं पिंपरी पेंढारला मामी जात, ओट्यावर बसत, बाटलीतून ओतूरचं पाणी पीत आणि जेवणाच्या वेळेआधी निघत. आक्का त्यांना बोळवायला फाट्यापर्यंत येत आणि परत जाताना मागं वळून पाहत नसत. साडूंना मामींना खाऊ घालायचं होतं, आणि ते जमण्यासारखी जागा म्हणजे माझं स्वयंपाकघर.

अर्थात त्यांनी स्वतःच्या घरासाठीही वाद घालून पाहिला होता. एकदा माझ्यासमोरच मामींना म्हणाले, "मामी, समजा दूध ह्या पावण्यांच्या घरचं, शिजवलं बी हितंच, आन् गोठवलं आमच्या शीतगृहात. मग त्यात माझं काय र्‍हायलं?"

"आन् खायचं कुठं बसून?" मामींनी विचारलं.

"आमच्या ओट्यावर."

"मग ओटा तुमचाच की."

"ओट्यावर न्हाई तर बाभळीखाली बसा! बाभूळ सरकारी हाय, रस्त्याच्या कडंची!"

"लई शिकल्यात आमचं थोरलं पावणं," मामी माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि माझ्या घरातली दुसरी वाटी पुढं ओढली.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आक्का अंगणात घसरल्या आणि त्यांच्या पायाला प्लास्टर बसलं. मी मामींना स्कूटरवर मागं बसवून पिंपरी पेंढारला नेलं. पिशवीत पाण्याची बाटली होतीच. गेल्या गेल्या मामींनी पदर खोचला, चूल पेटवली, पिठलं आणि सात भाकरी केल्या, लेकीला जागेवर ताट नेऊन दिलं, मला आणि साडूंना वाढलं, आणि स्वतः उंबऱ्याला टेकून उपाशी बसल्या. साडूंनी वर्षभरापूर्वीच स्वतःचा फ्रिज घेतला होता. आम्हा दोघांचं जेवण झाल्यावर त्यांनी त्यातून कस्टर्डाची वाटी काढली, वर कॉर्नफ्लेक्स घातले आणि मामींच्या पुढं उभे राहिले.

"मामी, खाता का?"

"पावणं, तुमाला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय. अठरा वर्सं म्हाईत हाय."

मला वाटलं आता बाभळीसारखं काहीतरी काढतील. पण त्यांनी वाटी तशीच पुढं धरली. तेव्हा मामीच म्हणाल्या, "रीतीचं सोडा वो. रीत काय, आमच्या शेजारणींनी कवाच मोडली. पन मी तुमच्या घरचं खाल्लं, तर देवाला काय वाटंल? म्हातारीनं आशा सोडली. मग तो बी सोडून देईल."

साडू खाली बसले. वाटी हातातच होती.

"मामी, आमी सोडली," ते म्हणाले. "चार वर्सं झाली. आमी दोघांनी बसून ठरवलं. तवापास्नं आमाला झोप लागती, भूक लागती, बरं चाललंय आमचं. तुमी एकट्याच अजून थांबल्यात. नका थांबू आता."

मामींनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी ताटातला हात तसाच ठेवून मान हलवली. "व्हय आई. खरं हाय."

कितीतरी वेळ कुणी हललं नाही. ही एकच वेळ मी मोजलेली नाही. मग मामी गुडघ्यावर हात देऊन उठल्या, कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण बाजूला केलं, तांब्या बुडवला आणि उभ्यानंच पाणी प्यायल्या. अर्धं पाणी हनुवटीवरून चोळीवर गेलं. तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "गार हाय की पानी," जणू त्या गावच्या पाण्याबद्दल त्यांना कुणी काही वेगळं सांगितलं होतं.

"भाकरी हाय का र्‍हायलेली?" त्यांनी विचारलं.

"दोन हायेत," साडू म्हणाले.

"मग वाढा."

साडूंनी वाढलं. मामी सावकाश, कोर कोर मोडून जेवल्या. आक्का भिंतीला टेकून आईचं जेवण नुसतं बघत होत्या, आणि साडू वाटी धरून शेजारी उभे. वाटीतले कॉर्नफ्लेक्स केव्हाच मऊ पडले होते, पण त्यांचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी ती हळूच पुढं सरकवली.

मामींनी ताटात हात धुतला. "आता पोट भरलं," त्या म्हणाल्या. "ठेवा त्या कपाटात. सांच्याला खाईन."

"सांच्याला?" साडूंनी विचारलं.

"सांच्याला."

"म्हंजी... र्‍हाणार?"

"हिचा पाय बरा होईस्तवर कोन करनार हिचं? तुमी? कस्टर्ड खाऊ घालून?"

आक्का हसायला लागल्या आणि हसता हसता तोंडावर पदर घेतला. साडूंनी वाटी फ्रिजमध्ये ठेवली, दार लावलं, पुन्हा उघडून वाटी नीट ठेवली आहे ना ते पाहिलं आणि पुन्हा लावलं.

मी मामींना परत न्यायला म्हणून थांबलो होतो. आता थांबण्यात अर्थ नव्हता. अंगणात स्कूटर सुरू केली तरी मला निरोप द्यायला कुणी बाहेर आलं नाही. आतून तिघांचं बोलणं ऐकू येत होतं, मामींचा आवाज सगळ्यांत वर. मागची सीट रिकामी ठेवून मी वारूळवाडीला परतलो. त्यानंतर साडू आमच्याकडे कस्टर्ड करायला आले नाहीत. मुलं अधूनमधून विचारत, काका येत का नाहीत? मी त्यांना चिठ्ठीतलं प्रमाण काढून, श्रीखंडाच्या चमच्यानं करून देत असे. बरं होतं, पण थोडं पातळ.