आधी काटे साडेसहावर

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. मास्तरांनी स्वतः चौथीत शाळा सोडलेली, पण परीक्षा घ्यायची हौस दांडगी. चावीचं, तारखेचं घड्याळ दुरुस्त झालं की ते तसंच गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. काटे भलतीकडे, तारीख भलतीच, असं करून काउंटरवर सरकवायचे आणि म्हणायचे, "लावा." जमलं तर घड्याळ घरी. नाही जमलं तर परत खणात, उद्या या.

"अहो, घड्याळ माझं आहे," गिऱ्हाईक म्हणायचं.

"घड्याळ तुमचं. आतले दाते मी बसवलेत."

लोक चिडायचे, आणि जाताना मास्तरांकडे नाही, तिच्याकडे बघून जायचे. ती काउंटरच्या कडेला बसून पट्टे बसवायची. एकोणिसाव्या वर्षी या घरात आली तेव्हापासून तिच्या बोटांना चामड्याचा आणि पेट्रोलचा वास होता. माणसं तोडायचं काम मास्तर करायचे आणि सांधायचं तिच्याकडे. "त्यांचं मनावर घेऊ नका," हे वाक्य तिने देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतलं असेल.

त्या महिन्याच्या अखेरीस दुकानाचा करार संपत होता. जागामालकाच्या मागे एक मोबाइलवाला लागला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि नेमका त्याच महिन्यात मालक आपल्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आला. मास्तर आत गेले होते, म्हणून तिलाच म्हणाला, "घड्याळ न्यायला येईन तेव्हा नव्या कराराचा कागद आणतो. सही करून टाकू. फक्त तुमच्या मास्तरांना म्हणावं, तोंडाला कुलूप लावा. मी गिऱ्हाईक नाही, मालक आहे."

तारखेच्या चाकाचा एक दाता झिजून गेला होता. तसलं चाक आता मिळत नाही. मास्तरांनी डोळ्याला भिंग लावून दोन दिवस घासून घासून नवा दाता बसवला. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने शपथ घातली.

"त्या माणसासमोर अवाक्षर काढायचं नाही. तारीखसुद्धा तुम्हीच लावून ठेवा."

"परीक्षा न घेता?"

"न घेता."

"तुझ्या बापाने मांडवात केला नव्हता एवढा अपमान," मास्तर म्हणाले. पण तारीख लावून ठेवली.

मालक आला तो सकाळी, गर्दीच्या वेळी. दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर पाय पसरून बसला. घडी घातलेला कागद खिशातून वर डोकावत होता. त्याने घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, तबकडी पाहिली.

"काय मास्तर, तारीख लावलेली? गावाला नापास करता आणि मला फुकटात पास?"

मास्तर चिमटा पुसत राहिले.

"बोला की. का बायकोने जीभ काढून ठेवलीय?"

ती कसनुसं हसली. "सही करायची होती ना, दादा," म्हणाली.

"करू. मलाही परीक्षा द्यायचीय." मालकाने चावी ओढली आणि काटे गरागरा पुढे फिरवले. बाराला पाच कमी असताना थांबला. तारखेचा आकडा जागचा हलला होता, खिडकीत अर्धा जुना आणि अर्धा नवा दिसत होता. "याच वेळी तारखेला हात लावायचा नसतो, असं सांगत फिरता ना तुम्ही? लावतो. बघू काय आभाळ कोसळतं."

मास्तर पांढरे पडले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तोंड घट्ट मिटलेलं. शपथ शब्दाला शब्द पाळत होते.

"ठेवा ते खाली," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"चावी सोडा. आत दात्यात दाता अडकलाय. आत्ता जोर लावलात तर मोडेल."

"जागा कुणाची आहे, वहिनी?"

"जागा तुमची. आधी काटे साडेसहावर आणा, म्हणजे दाते मोकळे होतात. मग कालची तारीख लावा. मग काटे पुढे न्या, तारीख पलटेपर्यंत. पलटली की समजायचं रात्रीचे बारा वाजले. तिथून आत्ताच्या वेळेवर या." सव्वीस वर्षं ऐकलेलं होतं, कुठे अडखळली नाही.

"आता बायकांकडून शिकायचं," असं म्हणत मालकाने चावी अर्ध्यावर, तारखेच्या खाचेत ढकलली आणि तारीख फिरवली. घासात खडा लागावा तसा बारीक आवाज झाला.

"मोडलं," ती म्हणाली.

"तुमचं कामच कच्चं."

"काम पक्कं होतं. तुमचा हात उर्मट."

दारातली दोन गिऱ्हाइकं आत येता येता थांबली. मालक उठला. कागद खिशात आणखी खोल कोंबला. "एकतीस तारखेला जागा रिकामी पाहिजे."

"या महिन्याला तीसच दिवस आहेत."

"मग तीस तारखेला," तो म्हणाला आणि घड्याळ मनगटावर चढवून निघून गेला.

गिऱ्हाइकं पांगल्यावर मास्तरांना कंठ फुटला. "सबंध जन्मात एकदा तोंड शिवलं मी. तेही वाया घालवलंस."

"तुम्ही शपथ पाळलीत. तुम्हाला पाप नाही."

"पाप खाऊन पोट भरत नाही. आणि तीस दिवसांचं कुणी विचारलं होतं तुला?"

तिने खण उपसायला घेतला. चार दिवसांत हत्यारं, खण, पट्ट्यांचे डबे, सगळं घरी गेलं.

तीस तारखेला दुकानाची किल्ली घेऊन ती एकटीच मालकाच्या घरी गेली. दार त्यानेच उघडलं. घड्याळ मनगटावर होतं आणि तारखेच्या खिडकीत दोन अर्धे आकडे एकावर एक बसले होते. तिने पाहिलेलं त्याने पाहिलं.

"अजून सही करता येईल," तो म्हणाला. "मास्तरांना पाठवा. चार माणसांत माफी मागू दे."

"ते काही बोललेच नाहीत. माफी कसली मागतील?"

"मग तुम्ही मागा. इथेच मागा, कोणी बघत नाही."

देव बघत होता, पण त्याची तिला भीती नव्हती. माफीने अंगाला भोकं पडत नाहीत, हे तीच मास्तरांना वर्षानुवर्षं सांगत आली होती. दोन शब्द बोलायचे आणि उद्या दुकान उघडायचं. ती बोलणारच होती. तेवढ्यात मालकाने बोलता बोलता अंगठ्याने ती चावी पुन्हा फिरवली, सवयीने, बेफिकीर.

"काढा ते घड्याळ," ती म्हणाली. "दुरुस्त करून देते. पण नेताना तारीख तुम्ही लावायची, माझ्यासमोर."

दार तोंडावर आपटलं. तिने किल्ली पायरीवर ठेवली आणि आतल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "किल्ली बाहेर आहे."

घरी मास्तरांनी टेबल खिडकीपाशी ओढून त्यावर हत्यारं मांडली होती. आल्या आल्या तिच्यावर खेकसले, "तुझ्या त्या पडद्याने सगळा उजेड खाल्लाय."

तिने पडदा काढला.