पाच सीटांची गाडी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही आमच्या घरातले कुणी नाही. गोष्ट तशी साधी — गाडी घेण्याची. मग इतकी वर्षं दडवली कशाला?

वणीला आमचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान. कोळशाचे ट्रक थांबत नाहीत, म्हणून बोंडअळीनं सगळीकडचा कापूस खाल्ला त्या वर्षीही आमचं बरं चाललं होतं. घरात सहा जण — हे, मी, दोन मुलं, सासूबाई आणि यांची मोठी बहीण, विमलताई. ताईंनी लग्न केलं नाही. लोकांचे ब्लाउज शिवून यांना शिकवलं. जुन्या जीपमध्ये आम्ही सहाही जण कोंबून बसायचो. ताई रस्ताभर बोलत असायच्या, मुलं त्यांच्याच मांडीवर. मला त्या आवडत नव्हत्या. भांडण कधी झालं नाही — त्या वाईट वागल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मुलं माझ्याआधी त्यांना हाक मारायची, एवढंच.

जीप थकली. यवतमाळला जाऊन आम्ही सगळ्यांनी दोन गाड्या पाहिल्या. किंमत जवळपास सारखीच. एक पाच सीटांची, मोठ्या डिकीची. दुसरी सात सीटांची, डिकी नावालाच. दोन्ही चालवून पाहिल्या. सातवालीत ताई आपणहून सगळ्यात मागे शिरल्या, गुडघे पोटाशी घेऊन.

"मले इथं मस्त वाटते रे सुधाकर," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा ऐसपैस."

यांचं तिथंच ठरलं — सातवाली. मी घरी आल्यावर, जेवताना, सगळ्यांसमोर बोलले.

"एवढी मोठी गाडी दारात उभी करायची? कापसाचं हे असं साल. माझ्या भावानं उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घातला. लोक काय म्हणतील?"

खोटं नव्हतं. भावानं खरंच पीक मोडलं होतं. पण त्याला मी एक फोन तरी केला होता का? आणि पाचवाली काही स्वस्त नव्हती — ते कुणी विचारलंच नाही. हे ओशाळले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई बरोबर बोलून राह्यली." आणि ताई?

"खरंच हाय," ताई म्हणाल्या. "मले कुठं रोज फिरायचं असते?"

मागे कोण राहील ते मला ठाऊक होतं. त्यासाठीच तर — हो, त्यासाठीच. मला लोकांची फिकीर नव्हती, कापसाची नव्हती. मला ताई गाडीत नको होत्या.

नवी गाडी घेऊन आम्ही केळापूरला देवीच्या दर्शनाला गेलो. ताईंनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, पुऱ्यांचा डबा हातात दिला आणि फाटक लावून घेतलं. आत्या हवी म्हणून धाकटी रडली, वाटेत झोपली. मला जाता-येता छान वाटलं. हेही सांगायलाच हवं.

पुढे तसंच होत गेलं. कुठं जायचं निघालं की ताईच आधी म्हणायच्या, "मी हाय ना घरी." नातेवाइकांत माझं नाव झालं — समजूतदार सून. हे अजून चारचौघांत सांगतात, हिनं माझे डोळे उघडले. मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

मग सासूबाई गेल्या. गाडीत आता जागा होती. वर्षश्राद्धानंतर आम्ही पहिल्यांदाच बाहेर निघालो, एका लग्नाला. ताई ओसरीवर उभ्या होत्या. नवं पातळ नेसलेल्या, खांद्याला पर्स. मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि मागच्या रिकाम्या सीटवर आहेराच्या पिशव्या ठेवल्या — डिकी रिकामी असताना.

ताई आत गेल्या. हे आरसा नीट करत होते, यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि म्हटलं, "चला."