दोन फोनांच्या मधला हात

मी फोनचा डिस्प्ले बदलून घेतला नसता तर माझी मुलगी आज माझ्याशी नीट बोलत असती, असं म्हणत मी बरेच दिवस त्या डिस्प्लेवर खापर फोडून पाहिलं. जमलं नाही. डिस्प्ले चांगलाच आहे.

त्याआधी फोनला स्वस्तातला एलसीडी होता. मूळचा फुटला तेव्हा काटकसर म्हणून मीच बसवलेला. त्यात पांढरं निळसर दिसायचं, काळं राखाडी दिसायचं, आणि उन्हात तर काहीच दिसायचं नाही. सापगावजवळ गाडी काढताना खिशातून पडून तोही फुटला. शहापूरच्या दुकानदाराने दोन डिस्प्ले जोडून माझ्यासमोर ठेवले, दोन्हींवर एकच काळं चित्र. एलसीडीत मागून सतत उजेड असतो, त्यामुळे त्याचा काळा कधी पुरता काळा होत नाही. दुसरा ओलेड होता, त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं असेल तिथे सरळ विझतो. मी तिथल्या तिथे भाळलो आणि ओलेड बसवून घेतला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आपल्याला कळलेली गोष्ट दुसऱ्याला करून दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढचे काही आठवडे मी लोकांचा जीव खाल्ला. स्टाफरूममध्ये, हळदीला, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्यालासुद्धा, मी दिसेल त्याचा फोन मागून माझ्या फोनशेजारी धरायचो आणि "तुझा एलसीडी आहे, बघ" म्हणायचो. बायको म्हणाली, "लोक तुमाला बघून फोन खिशात घालतात." मला ती थट्टाही कौतुकासारखी वाटली.

त्याच दिवसांत मुलीसाठी स्थळं बघत होतो. ती मुरबाडला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. सावळी आहे, रंगाने माझ्यावर गेली आहे. तिचा फोटो मीच अंगणात काढला आणि मीच पाठवला. चेहरा उजळ करून देणारी सोय फोनमध्ये असते, ती मुद्दाम बंद ठेवली होती. याचा मला अभिमान होता. तो आधीच सांगून टाकतो, कारण पुढे अभिमान वाटण्यासारखं काही नाही.

मुरबाडकडची मंडळी रविवारी आली. मुलगा, त्याचे वडील आणि मावशी. मुलगा मोकळा वाटला. सुट्टीच्या दिवशी सिद्धगडला जातो म्हणाला, तर मुलीने "पावसात पण?" असं विचारलं आणि दोघं हसले. आमच्या घरी आलेल्या स्थळासमोर ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तिला तो आवडतोय, हे मला कळलं होतं. हे मला कळलेलं असतानाही पुढचं घडलं.

चहा होत आला तेव्हा मावशींनी आपला फोन काढला. फोटो बघितला, मुलीकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "फोटोत जरा उजळ वाटत होती, नाय?" त्या म्हणाल्या. कुजकेपणाने नाही, अगदी सहज. बायकोने माझ्याकडे बघितलं. आता बापाने काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बाप बोलला.

"ताई, तुमचा फोन बघू जरा."

माझ्यावर फसवणुकीचा आळ आला, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं होतं. फोन हातात घेताच ओळखलं, बदललेला डिस्प्ले, तोही हलका, पांढऱ्यात निळी झाक मारणारा. "हा दोष फोटोचा नाय, तुमच्या स्क्रीनचा आहे," मी म्हटलं आणि खुर्ची पुढे ओढली. दोन्ही फोनांचा उजेड पूर्ण वाढवला. माझ्या ओलेडला रंग भडक करायची खोड असते, ती सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकली. मग दोन्ही फोन टीपॉयवर शेजारी ठेवले. एकात माझी मुलगी पिठाळ निळसर, एकात सावळी.

"आता यातली खरी कुठली?" मी विचारलं, वर्गात विचारतो तसं. "ताडून बघायला मूळ नमुना लागतो. इकडं ये गो. हात ठेव इथं."

ती आली. लहानपणी माझ्या प्रयोगांना मेणबत्ती धरायला तीच असायची, बहुतेक त्या सवयीने आली. दोन फोनांच्या मध्ये तिने हात पालथा ठेवला. मावशींनी चष्मा लावला. मुलाचे वडील पुढे सरकले. मुलगाही वाकला. तिने बोटं आत मिटायला घेतली.

"हलवू नको," मी म्हटलं.

मग मी सगळ्यांना दाखवलं, की माझ्या फोनमधला रंग आणि हा रंग तंतोतंत एक आहे. मावशी "खरंच की हो" म्हणाल्या. मी जिंकलो होतो. बायको कपबशा उचलून आत गेली ती मंडळी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला, मुलगी पसंत आहे. मी नाचतच स्वयंपाकघरात गेलो. मुलगी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना नाय सांगा."

"का गो? तुला तर आवडला होता."

"होता. पण तोपण वाकून बघत होता."

मावशींचं बोलणं एवढं मनावर घेऊ नको, असं काहीतरी मी बडबडलो. तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. "त्या नुसत्या बोलल्या, पप्पा. हात तुमी ठेवायला लावलात."

मला लाज वाटली. लाज वाटली म्हणजे काय, तर तिथून पाय निघेना आणि तिथे उभंही राहवेना. तोच रंग माझा आहे, आणि माझ्या लग्नाच्या वेळी माझा हात कुणी कशाशी ताडून बघितला नव्हता. "ती समोर बसली आहे, तिच्याशी बोला" एवढं एक वाक्य मला म्हणता आलं असतं. ते मला सुचलंच नाही, सेटिंग मात्र सगळी आठवली.

दुसऱ्या दिवशी मी मुलाच्या वडिलांना फोन केला. तिला पुढे शिकायचंय वगैरे सांगून सुटायचा विचार होता, पण मुलगी समोरच बसली होती. म्हणून खरं ते सांगितलं. "ती नको म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. काल मी तिचा हात फोनशेजारी ठेवून तुमाला रंग दाखवला. मी ते करायला नको होतं."

मग ते बोलले ते रागाने नाही, उलट माझी समजूत काढत, आणि इतक्या मोठ्याने की खोलीभर ऐकू गेलं.

"अहो सर, त्यात काय एवढं? तुमचाच फोन बरोबर निघाला की."

मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि फोन अजून माझ्या कानालाच होता.