गयाबाईला माफ करा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

ताडकळसच्या जवळच आमचं गाव. तिथं शेतमजूर बायकांचा एक गट आहे. बौद्ध वस्तीच्या स्मशानभूमीला रस्ता नव्हता. पावसाळ्यात प्रेत गुडघाभर चिखलातून न्यावं लागायचं. त्या रस्त्यासाठी बायका एकत्र आल्या. मी मराठ्याच्या घरातली, गावातल्या खासगी शाळेत शिकवणारी. अर्ज लिहायला मला बोलावलं आणि मी त्यांचीच झाले — निदान त्या तसं म्हणायच्या. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा आम्ही आमच्यातल्या सुमनबाईला उभं केलं. समोर होती आमच्या शाळेच्या अध्यक्षांची बायको.

मतदानाला पंधरा दिवस असतील. बाजार करून मी ताडकळसला बसची वाट बघत होते. अध्यक्षांची गाडी थांबली. नाही म्हणायला काय झालं होतं मला? बसले. त्यांनी धमकी दिली नाही, आवाजही चढवला नाही. पोरांच्या परीक्षा, माझी कायम नेमणूक — असंच बोलत होते. मग सहज विचारावं तसं विचारलं, तुमच्या बायकांत सध्या कोण अडचणीत आहे?

मी सांगितलं. गयाबाईचं घरकुल अडकलंय, फाईल सरकत नाही, म्हणून. हे गयाबाईनं मला एकटीला सांगितलं होतं — माझ्या ओट्यावर बसून, डोळे पुसत.

आठवड्याच्या आत तिच्या दारात पाया खोदला गेला. वस्तीनं समजायचं ते समजून घेतलं. गयाबाईच फुटली तर आपण कशाला वाईटपणा घ्यायचा, म्हणत आणखी काही घरं तिकडं गेली. सुमनबाई थोडक्यात पडली.

मला वाटलं, आता गट मोडेल. आणि — हेही सांगायलाच हवं — त्या विचारानं मला जरा हायसं वाटलं. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुमनबाई विहाराच्या पायरीवर येऊन बसली. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "पडलो तर पडलो. रस्ता अजून चिखलातच हाय की. अर्ज लिवा, ताई."

बायका एकेक करून जमल्या. गयाबाईही आली, मागं उभी राहिली. मग सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली. कुणी घरकुलाचा विषय काढला, कुणी तिच्या पोराबाळांना शिव्याशाप दिले. ती एवढंच म्हणत राहिली की मत मी सुमनलाच दिलंय, पाया कसा आला मला ठाऊक न्हाई.

तेव्हा मी उठले. कशाला उठले? गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी बोलले, आणि चांगलं बोलले. माणूस अडचणीत चुकतं, आपल्याला पुढं जायचंय, मन मोठं करा. "गयाबाईला माफ करा," म्हणाले. दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावला.

सगळ्या पांगल्यावर गयाबाई माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "ताई, फाईलीचं मी तुमालाच सांगितलं होतं."

बस्स. एवढं बोलून ती गेली. तिनं कुणापाशी माझं नाव घेतलं नाही — का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत कुठून आणू?

गट टिकला. सुमनबाईनं पूर्णेला तहसीलच्या किती चकरा मारल्या असतील! दोन पावसाळ्यांनी रस्त्यावर मुरूम पडला. त्या दिवशी बायकांनी मला पुढं ओढून नारळ फोडायला लावला. मी फोडला. माझी नेमणूकही कायम झाली.

गयाबाई गटात परत आली नाही. कामालाही एकटीच जाते. रस्त्यात भेटली की मीच आधी नजर वळवते.

आता पुन्हा निवडणूक आलीय. सुमनबाई पुन्हा उभी राहणार आहे, नव्या पोरीसोरी गटात यायल्यात. त्यांना बसवून जुन्या बायका सांगतात — काही करा, पण त्या गयाबाईसारखं करू नका.

मी तिथंच बसलेली असते.